ली प्रो ४-२०: शिसे वितळवण्याची २० पौंडी भट्टी, घेण्याआधी आणि घेतल्यावर

अमेरिकेत हौसेने नेमबाजी करणारे पुष्कळ लोक काडतुसे घरीच भरतात, आणि त्यातले काही जण गोळ्याही स्वतःच ओततात. गोळी म्हणजे इथे काडतुसाच्या टोकाला बसणारा शिशाचा तुकडा, एवढेच. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायच्या असतील तर मात्र लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या चालत नाहीत. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. त्यामुळे हे परीक्षण अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या रेंजवर जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

ली प्रिसिजन ही विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची कंपनी. तिची प्रो ४-२० ही विजेवरची भट्टी नवख्याला सर्वांत आधी सुचवली जाते आणि सर्वांत जास्त तक्रारीही तिच्याच होतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: भट्टी पैसा वसूल आहे, पण एका अटीवर. तिच्यात घाणेरडे शिसे कधीही वितळवायचे नाही. तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ ही अट न पाळण्यात आहे. एक तक्रार मात्र खरीच भट्टीची आहे, ती थर्मोस्टॅटची.

रचना अगदी साधी आहे. गोल पोलादी भांडे, त्याला वेढणारा ७०० वॅटचा हीटर, तळाला तोटी, आणि वरून थेट तोटीपर्यंत जाणारी एक दांडी. मूठ उचलली की दांडी वर सरकते आणि शिशाची धार साच्यात पडते. मूठ सोडली की दांडी स्वतःच्या वजनाने खाली बसून तोटी बंद करते. तोटीखाली ४ इंच जागा मोकळी असते. त्यात सहा खणांचा (एका वेळी सहा गोळ्या देणारा) साचाही सहज मावतो, आणि साचा टेकवायला खाली उंची बदलता येणारा आधार दिलेला आहे. भांड्यात २० पौंड शिसे मावते. एका पौंडात ७,००० ग्रेन (गोळीचे वजन याच मापात सांगतात), म्हणजे .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची १५८ ग्रेनची गोळी धरली तर भरलेल्या भट्टीतून हिशोबाने ८८६ गोळ्या निघतात. प्रत्यक्षात भांडे तळापर्यंत रिकामे करायचे नसते, म्हणून ५५० ते ६०० धरा.

तळातून ओतण्याचा फायदा मोठा आहे. शिशाचा आणि कथिलाचा ऑक्साइड, राख, कचरा हे सगळे शिशापेक्षा हलके असल्याने वर तरंगते आणि धार खालच्या स्वच्छ धातूची येते. पळीने ओतताना दर वेळी पृष्ठभाग ढवळला जातो, मळी बाजूला सारावी लागते. हात बसला की सहा खणांच्या साच्यातून तासाला काहीशे गोळ्या निघतात. पळीने तो वेग गाठणे कठीण.

आता गळतीकडे येऊ. तोटीतून थेंब थेंब शिसे पडत राहणे ही या भट्टीची प्रसिद्ध खोड आहे. दांडीचे टोक आणि तोटीची बैठक यांच्यामध्ये वाळूचा एखादा कण, राखेची कपची किंवा ऑक्साइडचा पापुद्रा अडकला की ती जागा नीट बंद होत नाही. हा कचरा येतो कुठून? गाडीच्या चाकांना तोल साधायला लावायची जुनी वजने, छपराचे पत्रे, रेंजच्या मातीतून गोळा केलेल्या गोळ्या असला माल थेट या भट्टीत टाकला की. म्हणून कच्चा माल वितळवायचे भांडे निराळे ठेवा. बिडाचे किंवा जाड पोलादाचे भांडे प्रोपेनच्या शेगडीवर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. ॲल्युमिनियमचे भांडे मुळीच नको, या उष्णतेला ते मऊ पडते आणि वजनाने तळ बसतो. त्या भांड्यात पाइनच्या लाकडाचा कोरडा भुसा मूठभर टाकून ढवळायचे. भुसा जळून कोळसा होतो, तो कथिलाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून कथील परत शिशात आणतो आणि माती-गंज स्वतःबरोबर वर घेऊन येतो. मेणाचा तुकडाही चालतो, पण भडका उडतो. शुद्धीकरणासाठी मिळणाऱ्या टाकणखारासारख्या पावडरी मी टाळायला सांगेन, कारण त्यांचा काचेसारखा थर भांड्याला चिकटतो आणि हवेतली ओल शोषून घेतो. ती ओल पुढच्या वेळी वितळलेल्या शिशाखाली आली की काय होते ते पुढे सांगितले आहे.

अशा रीतीने धुतलेल्या धातूच्या विटा पाडून फक्त त्याच प्रो ४-२०मध्ये टाकायच्या. भट्टीत भुसा टाकून तळापर्यंत ढवळण्याचा मोह आवरा. चमच्याने तळ खरवडला की बसलेला कचरा सरळ तोटीकडे जातो. वर पाव इंच कोरड्या भुशाचा थर तसाच तरंगत ठेवला तर हवा अडते आणि कथील जळत नाही.

तरीही गळती सुरू झालीच तर आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. दांडीच्या वरच्या टोकाला खाच आहे, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून दांडी दाबत अर्धा-पाऊण फेरा उलटसुलट फिरवली की कण चिरडून निघून जातो. ही युक्ती बहुतेक वेळा पुरते. नाही पुरली तर भांडे पूर्ण रिकामे करून थंड करा, दांडी काढून तिचे टोक स्टील वूलने घासा आणि इंजिनाच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून दांडी बैठकीवर हलक्या हाताने फिरवा. टोकावर सगळीकडे सारखी करडी चकती उमटली की बैठक जमली. पेस्ट पुसून काढा, नाहीतर तीच नवा कचरा ठरते. काही जण दांडीच्या वर लहानसे वजन अडकवतात, तेही उपयोगी पडते. भट्टीखाली कायम एक कोरडा पत्र्याचा ट्रे ठेवा, थेंब पडले तरी ते परत वापरता येतात.

उलट तक्रारही येते, तोटी गोठण्याची. तोटी हीटरच्या बाहेर असल्याने ती भांड्यापेक्षा थंड असते. सुरुवातीला किंवा मधे पाच-दहा मिनिटे थांबल्यावर तिच्यातले शिसे घट्ट होते. छोट्या प्रोपेन टॉर्चची ज्योत काही सेकंद तोटीला दाखवली की धार सुटते. त्या वेळी खाली साचा किंवा ट्रे हवाच.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र तडजोड नाही. डायलवर आकडे आहेत, अंश नाहीत, आणि एकाच आकड्यावर भांडे भरलेले असताना एक तापमान मिळते, निम्मे झाल्यावर दुसरे. द्विधातूच्या पट्टीवर चालणारे हे नियंत्रण उशिरा जागे होते, त्यामुळे तापमान वर-खाली बरेच झोके घेते. थंड वीट टाकली की आधी ते कोसळते आणि मग गरजेपेक्षा वर जाते. उपाय दोन. पहिला, ओतकामासाठी मिळणारा लांब दांड्याचा थर्मामीटर, त्याशिवाय ही भट्टी चालू करण्यात अर्थ नाही. दुसरा, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवलेला पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान सतत मोजून वीज कमी-जास्त करणारे यंत्र. भट्टीचा डायल पूर्ण वर ठेवून वीज कंट्रोलरमधून द्यायची, मग तापमान दोन-चार अंशांत स्थिर राहते. जोडणीचे काम विजेची जाण असलेल्यानेच करावे. हा खर्च धरूनही प्रो ४-२० महाग पडत नाही. आणि लांब, बारीक तारेची एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नका, वीज कमी पोहोचली की वितळायला फार वेळ लागतो.

तापमान किती असावे हे मिश्रधातूवर ठरते. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ला. अँटिमनीला ६३१ अंश लागतात, पण ती लिनोटाइप या छपाईच्या धातूत मुरलेली असली तर प्रश्नच येत नाही. लिनोटाइप म्हणजे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील, आणि तो २४० अंशांच्या आसपासच वितळतो. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांतले खिळे याच तीन धातूंचे असत. अँटिमनीने कठीणपणा येतो, कथिलाने साच्याचे कोपरे भरतात. गोळीलाही हेच दोन गुण लागतात. सुट्टी अँटिमनी विकत आणून घरी मिसळण्याच्या फंदात पडू नका, लिनोटाइप घ्या.

२० पौंडांसाठी एक भरवशाचे प्रमाण: १५ पौंड मऊ शिसे, ५ पौंड लिनोटाइप. हिशोब केला तर ३ टक्के अँटिमनी आणि १ टक्का कथील येते. त्यात आणखी ९० ग्रॅम कथील टाकले की कथील २ टक्क्यांच्या जवळ जाते आणि साचा छान भरतो. .३८ स्पेशल आणि पिस्तुलाचे .४५ एसीपी या काडतुसांच्या मध्यम भरणीला हे पुरेसे कठीण आहे. २ टक्क्यांपुढे कथील टाकणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे, ते शिशाच्या कैक पट महाग असते. प्रसिद्ध लायमन नंबर २ मिश्रणात ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी आणि ९० टक्के शिसे असते, ब्रिनेल कठीणपणा (धातूच्या कठीणपणाचे माप) १५. शुद्ध शिशाचा ५, लिनोटाइपचा २२. नवखे लोक या आकड्यांच्या मागे फार लागतात. गोळी बॅरलच्या खाचांच्या मापापेक्षा साधारण एक हजारांश इंच जाड आहे की नाही, हे कठीणपणापेक्षा कितीतरी महत्त्वाचे. बारीक गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे वितळवतो आणि बॅरलला थर चढवतो. फार कठीण गोळी कमी दाबाला पसरून खाचा बंद करत नाही, तेव्हाही तेच होते.

चाकांची वजने अजून बरेच जण वापरतात. पण कॅलिफोर्नियाने २०१० पासून शिशाच्या वजनांवर बंदी घातली, इतर काही राज्येही त्या वाटेने गेली, आणि आज भंगाराच्या बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजने भरपूर सापडतात. जस्त हा गोळी ओतणाऱ्याचा खरा शत्रू. थोडे जरी मिसळले तरी धातू लापशीसारखा दाट होतो, साचा भरत नाही, आणि ते परत वेगळे काढणे घरी जवळपास अशक्य. वजनावर झेडएन (Zn, जस्ताची खूण) अक्षरे आहेत का पाहा. कटरने चावा घेऊन बघा, शिशात पाते सहज रुतते, जस्तावर फक्त ओरखडा उठतो. शंका राहिली तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका, जस्त फसफसते. आणि वितळवताना तापमान ३७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. जस्त ४१९ अंशांना वितळते, त्यामुळे चुकून आलेले वजन तरंगत वर येते आणि झाऱ्याने काढता येते. चिकटवायच्या पट्टीची वजने मात्र जवळजवळ शुद्ध शिशाची असतात, ती वेगळी ठेवा. गाडीच्या बॅटरीतले शिसे कोणत्याही परिस्थितीत नको. त्यात आम्ल असते, आणि तिच्या प्लेट्समधल्या अँटिमनी आणि आर्सेनिकपासून स्टिबाइन आणि आर्साइन हे प्राणघातक वायू तयार होऊ शकतात.

वरच्या मिश्रणासाठी ३७० ते ३९० अंश हे चांगले तापमान. ४०० ओलांडले की कथील झपाट्याने जळू लागते आणि त्याचा फायदाच संपतो. जुन्या धर्तीच्या, तोंडाकडून भरायच्या बंदुकीसाठी शुद्ध शिशाचे गोल छर्रे ओतायचे असतील तर ४०० ते ४३० लागतात.

भट्टीइतकाच साचा महत्त्वाचा. लीचे साचे ॲल्युमिनियमचे, हलके आणि लवकर तापणारे. लायमन आणि आरसीबीएस या दुसऱ्या कंपन्यांचे लोखंडी साचे सावकाश तापतात, पण उष्णता धरून ठेवतात. नवा साचा साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून तेलाचा अंशही ठेवू नका, मग तो पूर्ण वाळवा. तेल राहिले की गोळीवर सुरकुत्या येतात. स्प्रू प्लेटच्या (साच्यावरच्या, ओतायचे भोक असलेल्या फिरत्या पट्टीच्या) खिळीला आणि साच्याच्या खुंट्यांना मात्र टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिंथेटिक तेलाचा कापसाच्या बोळ्याने जेमतेम पुसट हात द्या. ते खणात गेले तर पुन्हा धुणे आले.

साचा आधी तापवून घ्या. भांड्याच्या कडेवर ठेवला तरी चालते, हॉट प्लेट असेल तर उत्तम. मग दोष वाचायला शिका. गोळीवर सुरकुत्या आणि कोपरे गोल, म्हणजे साचा थंड. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या अशाच येतात, त्या परत भांड्यात टाका. सगळीकडे सारखा पांढुरका, धुकट रंग म्हणजे साचा जरा जास्त गरम. अशी गोळी चालते, फक्त वेग कमी करा. कडेला पापुद्र्यासारखा पंख निघाला तर साच्याचे दोन अर्ध नीट मिटलेले नाहीत, मधे शिशाचा ठिपका चिकटला आहे, किंवा धातू अति तापलाय. तळाशी खड्डा पडला तर स्प्रू प्लेटवर पुरेसे शिसे राहिलेले नव्हते. गोळी थिजताना आकसते आणि वरच्या डबक्यातून शिसे ओढून घेते. म्हणून प्लेटवर चांगले मोठे डबके होऊ द्या. ते चकचकीत असते, मग एकदम फिके पडते. तेव्हापासून दोन-तीन सेकंद थांबून प्लेट फिरवा. लवकर फिरवली तर गोळीचा तळ फाटतो आणि प्लेटवर शिसे फासले जाते. फाटका तळ नेमाला सर्वांत जास्त मारक, कारण गोळी बॅरलमधून सुटताना वायू शेवटी तळाच्याच कडेवरून निसटतो.

प्रो ४-२०मध्ये धारेचा वेग वरच्या स्क्रूने कमी-जास्त होतो. मोठ्या गोळीला जाड धार, बारीक गोळीला कमी. भांडे निम्मे झाले की दाब कमी होऊन धार मंदावते आणि गोळ्यांच्या वजनात फरक पडू लागतो. एक तृतीयांश उरले की वीट टाका. वीट आधी भांड्याच्या कडेवर ठेवून गरम करा. यात तापमान कमी कोसळते, पण खरे कारण ओलाव्याचे आहे. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब पडला तर तो उकळून उडून जातो. पृष्ठभागाखाली गेला तर क्षणात वाफ होऊन फुगतो आणि भांड्यातले शिसे छतापर्यंत उडवतो. विटेच्या खाचेत राहिलेले पाणी, पावसात ठेवलेले भंगार, गार चमच्यावरची ओल, सगळे सारखेच धोक्याचे. भट्टीजवळ पाण्याची बाटली नको. गोळ्या पाण्यात टाकून कठीण करायच्या असतील तर बादली दूर, भट्टीच्या खालच्या पातळीला, आणि शिंतोडे भट्टीकडे उडणार नाहीत अशी.

पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, खाली चष्मा, लांब बाह्यांचे सुती कपडे, कातडी हातमोजे, बंद बूट. सँडल आणि नायलॉन नको. वाफेपेक्षा शिशाची धूळ आणि मळी हा मोठा धोका आहे. ती हाताला, कपड्यांना लागून पोटात जाते. ओतताना खाणे-पिणे, सिगारेट बंद. नंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, बूट दाराबाहेर. मळी काढताना बारीक धूळ अडवणारा पी१०० फिल्टरचा मास्क लावा, ती झाकणाच्या डब्यात साठवा आणि घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक केंद्रात द्या. वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घ्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २०२१मध्ये मुलांसाठी दखल घेण्याची पातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम स्वयंपाकघरात तर नाहीच, घराला जोडलेल्या गॅरेजमध्येही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लायमन मॅग २५ आणि आरसीबीएस प्रो-मेल्ट-२ या दोन्ही २५ पौंडांच्या भट्ट्या तापमानात आणि बांधणीत सरस आहेत, पण किंमतही त्या मानाने बरीच आहे. आठवड्याला शेकडो गोळ्या लागत असतील तर त्यांचा विचार करा. वर्षाकाठी थोडेसे गोल छर्रे ओतायचे असतील तर लीचीच ४ पौंडांची छोटी भट्टी आणि एक पळी पुरते. आणि काळ्या दारूच्या .४५-७०सारख्या काडतुसांच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी ४०० ग्रेनच्या पुढच्या जड गोळ्या ओतणारे बरेच जाणकार तळाच्या तोटीऐवजी पळी आणि एक खणाचा साचाच पसंत करतात. पळीचे तोंड साच्याला टेकवून धरले की गोळी थिजेपर्यंत वरून दाब मिळत राहतो आणि पोकळी राहत नाही. त्यांच्यासाठी लीची मॅग्नम मेल्टर आहे. तीही २० पौंडांची, पण तोटीशिवाय.

मागवताना व्होल्टेज नीट पाहा. अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मॉडेल असते, २२० व्होल्टचे वेगळे मिळते. भट्टी हातात आली की पहिल्यांदा रिकामी तापवून तिच्यावरचे कारखान्याचे तेल उघड्यावर जळून जाऊ द्या, मग पाच-सहा पौंड स्वच्छ शिसे वितळवून तोटी गळते का पाहा, आणि भांडे त्यानंतरच पूर्ण भरा.